ब्रह्मगिरी परिसरातल्या पायवाटा

नाशिकपासून साधारण ३० किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर, आणि त्याच्या भोवती ब्रह्मगिरी, अंजनेरी, मागच्या बाजूला हरिहर आणि भास्करगड असे डोंगर. या डोंगरांच्या कड्याखालनं, घळींमधनं आणि गोदावरीच्या अगदी सुरुवातीच्या खोऱ्यातल्या जंगलातनं ज्या जुन्या वाटा जातात त्यांच्याबद्दलची ही नोंद. आजकाल यातल्या बहुतेक वाटा ट्रेक म्हणून ओळखल्या जातात, पण ट्रेकिंगसाठी म्हणून यातली एकही बनलेली नाही. काही यात्रेकरूंनी पाडल्या, काही गडकऱ्यांनी कातळात खोदल्या आणि उरलेल्या पाड्यांवरच्या लोकांच्या आणि त्यांच्या गुरांच्या.

या वाटा नीट समजायच्या तर आधी दगड बघावा लागतो. सगळा सह्याद्रीचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. कठीण काळ्या कातळाचा थर म्हणजे उभा कडा, आणि दोन कड्यांच्या मध्ये जो मऊ, झिजलेला, कुठे कुठे गेरूसारखा लाल थर असतो तिथे आडवा पदर तयार होतो. पावसाचं पाणी वरनं भेगांमधनं मुरत येतं आणि खालच्या थराशी अडलं की कड्याच्या तळातनं बाहेर पडतं. म्हणून झरे तिथेच, मऊ दगड झिजून झालेल्या कपारी तिथेच, पुढे माणसांनी कोरलेल्या गुहा आणि कुंडंही बऱ्याचदा तिथेच. पाणी आणि सावली एका ठिकाणी मिळाली की तिथे कोणीतरी तप करतं, मग देव येतो, मग पायऱ्या येतात. या भागातल्या बहुतेक वाटांचं उत्तर हेच आहे, त्या माथ्याकडे जायला नाही तर पाण्याकडे जायला निघालेल्या आहेत.

गंगाद्वार हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. त्र्यंबक गावातनं पायऱ्यांची वाट वर जाते, अर्ध्या डोंगरात फाटा फुटतो, एक वाट गडावर आणि एक कड्याच्या तळाशी गंगाद्वारला. सातशेच्या आसपास पायऱ्या चढून गेलं की गोमुखातनं पडणारं गोदावरीचं पाणी, कोलांबिका देवी, आणि पुढे कड्याला धरून गेलं की गोरखनाथांची म्हणतात ती गुहा, शेजारीच दगडात कोरलेली १०८ शिवलिंगं. उन्हाळ्यात गोमुखात जेमतेम धार असते. पुराणातली गोष्ट अशी की गौतम ऋषींना गोहत्येचं पातक लागलं, त्यांनी तप करून शंकराकडनं गंगा आणली, पण ती ब्रह्मगिरीवर प्रकटायची आणि गुप्त व्हायची, परत खाली गंगाद्वारला दिसायची आणि परत गुप्त, शेवटी ऋषींनी दर्भ फिरवून तिला गावातल्या कुशावर्तात अडवली. मला ही गोष्ट फार खरी वाटते, कारण बेसॉल्टच्या डोंगरात पाणी नेमकं असंच वागतं, वर मुरतं, मध्ये कुठेतरी डोकावतं आणि पायथ्याला साठतं. नदी म्हणावं असं पात्र बघायचं तर खाली बेझे गावाजवळ चक्रतीर्थाला जावं लागतं.

निवृत्तिनाथांची आठवण पण याच वाटांशी जोडलेली आहे. आईवडील आणि भावंडं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला, पळापळीत निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोचला, तिथे त्याला दीक्षा मिळाली, ती त्याने पुढे ज्ञानदेवांना दिली अशी परंपरा सांगते. त्यांची समाधी पायथ्याशी त्र्यंबकमध्येच आहे आणि पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांची मोठी यात्रा भरते.

ब्रह्मगिरीचा माथा साधारण १३०० मीटर. गडाची वाट जुन्या दगडी धर्मशाळेवरनं जाते आणि शेवटी कातळात खोदलेल्या अरुंद जिन्यात शिरते, दोन्ही बाजूंना दगडाच्या भिंती, वर आकाशाची पट्टी आणि हातातली पिशवी ओढणारी माकडं. माथ्यावर गोदावरीचं उगमस्थान आणि शंकराने जटा आपटल्या असं मानतात ते जटामंदिर, बहुतेक लोक इथनंच माघारी फिरतात. खरी कमाल पुढे आहे, दुर्गभांडार. कड्याच्या टोकाला कातळात खोल चर खोदल्यासारखा जिना खाली उतरतो, तळाशी मातीने अर्धा बुजलेला दरवाजा आहे त्यातनं अक्षरशः रांगत बाहेर पडायचं, की समोर दगडाची एक चिंचोळी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरळ दरी. ती पार करायची, पलीकडे परत तसंच रांगत आत शिरायचं आणि परत खोदीव जिन्याने वर. वारा असला की या भिंतीवर बसून घेतलेलं बरं. त्र्यंबकगड, म्हणजे ब्रह्मगिरीवरचाच हा किल्ला, १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी स्वराज्यात आणला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला, पण इतिहासाच्या तारखांपेक्षा हा जिना खोदणाऱ्या पाथरवटांचं काम जास्त लक्षात राहतं.

प्रदक्षिणा म्हणजे इथल्या भाषेत फेरी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची सगळ्यात मोठी. रविवारी रात्रीपासनंच नाशिकहून जादा एसटी सुटतात, कुशावर्तात स्नान करून लोक निघतात, खूप जण अनवाणी, आणि डोंगर कायम उजव्या हाताला ठेवत प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने असं करत मागच्या बाजूने गणपतबारीवरनं परत त्र्यंबकला. लहान फेरी साधारण २० किलोमीटरची, आणि हरिहरलाही कवेत घेणारी मोठी फेरी ४० च्या आसपास. चिखल, भातखाचरांचे बांध, ओढे, धुकं आणि बम बम भोलेचा गजर, मध्ये कुठे चहा कुठे भाजलेलं कणीस. चढाई फार नाही पण अंतर आणि चिखल दमवतो. माझ्या मते हा डोंगर ओळखायचा असेल तर माथा गाठण्यापेक्षा फेरी करावी, कारण मागच्या बाजूचे कडे, धबधबे आणि पाडे माथ्यावरनं कळतच नाहीत, आणि श्रावणातली गर्दी नको असेल तर पावसाळा संपल्यावर एखाद्या साध्या दिवशी करावी.

अंजनेरी नाशिकहून येताना आधी लागतो. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून मान्यता, पायथ्याच्या गावात जुन्या हिंदू आणि जैन मंदिरांचे अवशेष. वाट एका घळीतनं चढते, वाटेतच कोरीव जैन लेणं, मग मोठं पठार, अंजनीमातेचं देऊळ, पाऊलाच्या आकाराचं म्हणतात ते तळं आणि पुढे सीता गुंफा. पठारावर पावसाळ्याच्या शेवटी फुलं येतात त्यात सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात आहे, नावातच अंजनेरी. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. २०१७ मध्ये या भागाला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. त्यामुळे इथे वाट सोडून पठारावर मोकाट फिरू नये, फुलं तोडू नयेत आणि ड्रोन तर अजिबात नको.

हरिहर उर्फ हर्षगड सोशल मीडियामुळे सगळीकडे पोचलाय. निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीतनं निघायचं, जंगल आणि पदर संपला की शिडीसारख्या उभ्या दगडी पायऱ्या, प्रत्येक पायरीला हाताची पकड घ्यायला खोबणी खोदलेली. दरवाजातनं आत गेलं की कड्याच्या पोटात कोरलेली बोळ, तिथनं वाकून जायचं आणि मग दुसरा जिना. १८१८ नंतर इंग्रजांनी नाशिककडच्या बऱ्याच किल्ल्यांच्या वाटा सुरुंगाने उडवल्या पण या पायऱ्या वाचल्या. पायऱ्या एका माणसापुरत्या रुंद आहेत, म्हणजे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की सगळं अडतं, आणि शनिवार-रविवारी पावसात हे रोजचंच. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, सकाळी लवकर, नाहीतर नको.

जव्हार रस्त्यावरची दुगारवाडी ही खोल जंगलदरी, समोर धबधबा. वाट सोपी आहे आणि म्हणूनच धोक्याची, कारण मध्ये ओढा ओलांडावा लागतो. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तर त्र्यंबकला दोन हजारांच्या पुढे, त्यामुळे शहरातनं ऊन बघून निघालेल्यांना अंदाजच येत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाणी अचानक वाढून इथे पर्यटक अडकले होते. वरच्या डोंगरावर ढग बसलेत आणि ओढ्याचं पाणी गढूळ व्हायला लागलं की पलीकडे जायचंच नाही, आधीच पलीकडे असाल तर उंचावर थांबायचं आणि पाणी उतरेपर्यंत हलायचं नाही.

जंगल म्हणजे ऐन, जांभूळ, आंबा, उंबर, करवंदीच्या जाळ्या आणि उतारावर कारवी. पाड्यांवर महादेव कोळी, ठाकर, वारली लोक आहेत, नागली आणि वरई उतारावर, भात खाचरात. वाट चुकलात तर मोबाईलपेक्षा त्यांना विचारा, आणि गावातनं वाटाड्या घेतलात तर पैसे व्यवस्थित द्या.

या डोंगराच्या पूर्वेचं पाणी गोदावरीतनं गंगापूर धरणात म्हणजे नाशिकच्या नळाला, आणि पश्चिमेचं वैतरणेतनं मुंबईच्या नळाला. तरी पायथ्याला उत्खनन चालतं, २०२१ मध्ये त्याविरुद्ध नाशिकचे लोक उभे राहिले, अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेच्या प्रस्तावालाही गिधाडांच्या घरट्यांवरनं विरोध झाला. डोंगर फोडला की मुरणारं पाणी तुटतं आणि गंगाद्वारची धार उन्हाळ्यात आणखी बारीक होते, हे कोणाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

जायला नाशिकहून त्र्यंबकच्या बस दिवसभर असतात आणि त्या अंजनेरी फाट्यालाही थांबतात. हरिहरच्या बाजूला गाड्या कमी, स्वतःचं वाहन असलेलं बरं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्या वाटांना चांगला काळ, मे महिन्यात माथ्यावर सावली नाही आणि टाक्यांतलं पाणी पिण्यालायक असेलच असं नाही, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी खालनंच न्यावं.