उत्तरं दोन, म्हणून एक सॉफ्टवेअर चुकीचं?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या मुलांच्या ग्रुपांत अधूनमधून फिरणारा मेसेज: ‘एकाच इंटिग्रलला मॅक्सिमा आणि सिमपाय वेगळी उत्तरं देतात, म्हणजे एक भरवशाचं नाही.’ (दोन्ही म्हणजे गणितं आकड्यांऐवजी सूत्रांत सोडवणारी सॉफ्टवेअर.) सोबत दोन स्क्रीनशॉट. पटण्यासारखंच आहे, उत्तरं खरंच वेगळी दिसतात.

नेहमीचं उदाहरण घेऊ: साइन क्ष गुणिले कॉस क्ष याचं इंटिग्रल. सिमपाय देतं साइन वर्ग भागिले २. मॅक्सिमा देतं उणे कॉस वर्ग भागिले २. आता क्ष ० ठेवा: पहिलं ०, दुसरं उणे ½. क्ष ९० अंश ठेवा: पहिलं ½, दुसरं ०. फरक दोन्हीकडे ½. कुठलाही कोन घ्या, तेवढाच येईल, कारण साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे १. बारावीत शेवटी ‘अधिक सी’ लिहायचो (आणि विसरलो की मार्क जायचा), तोच हा ½. दोन्हींचं डेरिव्हेटिव्ह काढलं की मूळ फंक्शन परत हातात.

क्ष वर्गाच्या वर्गमुळाचंही तसंच. मॅक्सिमा क्षची निरपेक्ष किंमत देतं, कारण ते क्ष ही मुळातच वास्तव संख्या धरतं. सिमपायला ते आधी सांगावं लागतं. नाहीतर ते वर्गमूळ तसंच ठेवतं. तुलना करायची तर गृहीतकं दोन्हीकडे सारखी हवीत.

दोन उत्तरांतला फरक क्षबरोबर बदलत असेल, तर मात्र खोलात शिरा. आणि दोन्हींचा वेग मोजताना सिमपाय नव्याने सुरू करा. आधीची उत्तरं ते कॅशेत, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतं.