शाळेच्या फाटकाआड मुलांचा हक्क किती?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात केसांवरून होणारा वांशिक भेदभाव रोखणारा कायदा सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला. त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी हायस्कूलने एका कृष्णवर्णीय मुलाला गुंफलेल्या लांब केसांमुळे वर्गात बसायला मनाई केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने निकाल शाळेच्या बाजूने दिला. कायदा केशरचनेला संरक्षण देतो, लांबीला नाही, असं त्याचं म्हणणं.

असे वाद तिथे जुने आहेत. राज्यघटना सरकारला बांधील करते, म्हणून हे खटले मुख्यतः सरकारी शाळांचे असतात. तपशील वेगवेगळे असले तरी खरा झगडा एकच आहे: मुलाच्या वागण्याने शाळेचं नुकसान होतं हे शाळेने दाखवायचं, की शाळा म्हणेल ते मुलाने मुकाट्याने ऐकायचं?

१९३५ साली पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावी बारा वर्षांची लिलियन गोबायटस आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ विल्यम यांनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. कुटुंब ‘जेहोवाज विटनेसेस’ या ख्रिस्ती पंथाचं. देवाखेरीज कुणापुढे नमायचं नाही, ही त्यांची श्रद्धा. दोघांना शाळेतून काढलं. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची पाठराखण केली. युद्धाचे दिवस होते. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर गावोगावी हल्ले झाले, मेन राज्यात त्यांचं प्रार्थनागृह जाळलं गेलं. शाळेतल्या एका नियमाला न्यायालयाने दिलेल्या मान्यतेचा रस्त्यावर काय अर्थ लावला जातो, हे तेव्हा दिसलं. तीनच वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट खटल्यात याच न्यायालयाने आपला निर्णय फिरवला. राजकारण, राष्ट्रभक्ती, धर्म यांत योग्य मत कोणतं हे कोणताही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवू शकत नाही, असं न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं.

या निकालाचा धागा आपल्यापर्यंत येतो. केरळमध्ये १९८५ साली याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आलं. ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी मुलांच्या बाजूने निकाल देताना बार्नेट खटल्याचा आधार घेतला. आपल्या शाळांत शिस्तीचा विषय निघाला की हा निकाल क्वचितच कुणाला आठवतो, याची खंत वाटते.

सलामी न देणं म्हणजे गप्प राहणं. स्वतःहून काही म्हणणाऱ्या मुलांची पाळी पुढे आली, आणि ती आधी मिसिसिपीत. १९६४ साली तिथल्या एका कृष्णवर्णीय शाळेतल्या मुलांनी मतदानाच्या समान हक्कासाठी ‘एक माणूस, एक मत’ असं लिहिलेले बिल्ले लावले आणि निलंबन ओढवून घेतलं. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने मुलांना न्याय दिला, कारण त्या बिल्ल्यांनी वर्गात काहीच गडबड झाली नव्हती. त्याच दिवशी मिसिसिपीतल्याच दुसऱ्या खटल्यात न्यायालय शाळेच्या बाजूने उभं राहिलं, कारण तिथे मुलं इतरांच्या अंगावर जबरदस्तीने बिल्ले टाचत होती. अभ्यासात आणि शिस्तीत ‘ठोस व मोठा’ अडथळा आला का, ही कसोटी इथे घडली. श्रेय मात्र पुढच्या खटल्याला मिळालं.

तो खटला आयोवातल्या डे मॉइन शहरातला. डिसेंबर १९६५ मध्ये काही मुलांनी व्हिएतनाममधल्या दोन्ही बाजूंच्या मृतांच्या शोकासाठी आणि नाताळच्या युद्धबंदीच्या मागणीसाठी दंडाला काळी फीत बांधायचं ठरवलं. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली आणि १४ तारखेला त्यांनी घाईघाईने बंदीचा नियम केला. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन आणि ख्रिस्तोफर एकहार्ट यांनी तरीही फिती बांधल्या. अठरा हजार मुलांच्या त्या शाळांमध्ये निलंबित झाली पाच. विशेष म्हणजे निवडणुकीचे बिल्लेच काय, नाझींशी जोडलं गेलेलं ‘आयर्न क्रॉस’ चिन्हसुद्धा तिथल्या काही मुलांना चालवून घेतलं जाई. बंदी होती ती फक्त या फितीवर.

२४ फेब्रुवारी १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी मुलं जिंकली. विद्यार्थी किंवा शिक्षक आपला अभिव्यक्तीचा हक्क शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत येत नाहीत, असं न्या. एब फोर्टस यांनी लिहिलं. नुसती भीती पुरेशी नाही, अडथळा येणार असं मानायला शाळेकडे ठोस कारण हवं. विरोधात गेलेल्यांत ह्यूगो ब्लॅक होते, सलामीच्या प्रश्नावर १९४३ पर्यंत आपलं मत बदलून मुलांच्या बाजूला आलेले न्यायमूर्ती.

त्यानंतर न्यायालयाने एकेक अपवाद जोडला. १९८६ मध्ये अचकटविचकट भाषण, १९८८ मध्ये शाळेच्या वर्तमानपत्रातला मजकूर, २००७ मध्ये अमली पदार्थांचं समर्थन वाटेल असा फलक. वर्तमानपत्राचा निकाल मला सर्वांत घातक वाटतो. मिसुरीतल्या मुलांनी कुमारवयातलं गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवर लिहिलेली पानं मुख्याध्यापकांनी काढून टाकली होती. शैक्षणिक कारण दाखवता आलं की शाळेला तशी मुभा आहे, असं ठरलं. डझनाहून अधिक राज्यांनी पुढे स्वतःचे कायदे करून मुलांना हे संरक्षण परत दिलं. २०२१ मध्ये एका मुलीने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर टाकलेल्या शिवराळ मजकुरावरून झालेली शिक्षा न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केली.

बोलण्यापेक्षा वागण्यावरचे कायदे जास्त कठोर निघाले. साउथ कॅरोलायनात शाळेत ‘व्यत्यय आणणं’ हा १९१९ पासून गुन्हा होता. मुळात तो महिला महाविद्यालयांतल्या मुलींना त्रास देणाऱ्या बाहेरच्या पुरुषांसाठी होता. पुढे शाळांत पोलिस नेमले गेले आणि ‘आक्षेपार्ह वागणं’ या कलमाखाली हजारो मुलं, त्यांत प्रमाणाबाहेर कृष्णवर्णीय, आरोपी ठरली. २०१५ मध्ये राज्याची राजधानी कोलंबिया इथल्या एका वर्गात पोलिसाने मोबाइलवरून झालेल्या वादात एका मुलीला बाकासकट उलथवून फरफटत नेलं. त्याविरुद्ध आवाज उठवणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीवरही हेच कलम लागलं. ती न्यायालयात गेली. २०१८ मध्ये विधिमंडळाने विद्यार्थ्यांना या कायद्यातून वगळलं आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्यावर पूर्वी लावलेलं ते कलम संदिग्ध, म्हणून घटनाबाह्य ठरवलं.