वॉलपेपरवर रंग मारायच्या आधी एक कोपरा सोलून पाहा

पोळा झाला की दुकानात रोज दोघे-तिघे तरी हाच प्रश्न घेऊन येतात. "कागद राहू द्या ना भाऊ, वरून दोन हात मारून द्या. काय होते त्याले?" काय होते, ते दरवेळी काउंटरवर उभ्याने सांगण्यापेक्षा हे पत्रक छापलं.

वॉलपेपरवर रंग बसतच नाही, असं आम्ही कधी म्हटलं नाही. बसतो. पण कागद कोणता आहे, तो कशावर चिकटवला आहे आणि पहिला हात कशाचा मारता, ह्यावर सगळं आहे. दहापैकी नऊ घरी चूक एकच होते. कागदावर सरळ पाण्याचा रंग मारतात. डिस्टेंपर, इमल्शन, साधा वॉटर प्रायमर, सगळे पाण्याचेच. कागद लावायची खळही पाण्यातच कालवलेली असते. तिला पुन्हा पाणी मिळालं की ती पुन्हा ढिली होते, आणि कागद भिजून पसरतो. पसरलेला कागद जाईल कुठं? फुगतो.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नघरी पोरांनी रात्री जेवणं झाल्यावर बैठकीतल्या भिंतीवर रोलर फिरवला. भिंत कूलरच्या खिडकीची, म्हणजे चार महिने दमट हवा खाल्लेली. सकाळी पाहतात तर भिंतभर पुऱ्या फुगलेल्या. दुपारी ऊन तापलं, अर्धे फुगे बसले, सगळ्यांना हायसं वाटलं आणि संध्याकाळी दुसरा हात मारला. तिसऱ्या दिवशी जोड उघडले, कागदाच्या कडा कानासारख्या बाहेर आल्या. मग आम्हाला फोन.

खरं नुकसान पुढे झालं. कोरा कागद एका सकाळीत निघाला असता. रंगाचे दोन हात बसलेला कागद पाणी आत घेतच नाही. आधी पत्तीने रंग चिरायचा, मग पाणी मारायचं, थांबायचं. तेव्हा कुठं बोटभर तुकडा निघतो. पुन्हा चिरायचं. त्या एका भिंतीला दोन माणसं दोन दिवस लागली, दारात मांडव उभा असताना. वरून बोल मिळाला की मजुरी जास्त लावली. काम दोन दिवसांचं होतं, मजुरी दोन दिवसांचीच लावली.

म्हणून रंगाचा डबा नेण्याआधी एवढं करा. दाराआडचा नाही तर कपाटामागचा एक कोपरा नखाने उचला आणि तळहाताएवढा तुकडा सोला. उरलेल्या कागदावर ओला फडका दाबून धरा. पाणी शोषून कागद काळपट पडला तर तो साधा कागद. थेंब नुसते ओघळून गेले तर वर प्लास्टिकचा थर आहे, त्याला व्हिनाइल म्हणतात. त्यावर मारलेला पाण्याचा रंग सुकल्यावरही नखाने निघतो. आणि मागे गोंद असलेला, 45 सेंटिमीटर पन्ह्याचा स्टिकर असेल, जो हल्ली ऑनलाइन फार येतो, तर त्यावर रंग मारूच नका. हेअर ड्रायरने थोडा गरम करून वरून खाली सावकाश ओढा, अख्खी पट्टी येते. मागे राहिलेला चिकटा तारपीनने पुसून घ्या. त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा, गॅस-चूल बंद ठेवा.

आता सोललेल्या तुकड्याची मागची बाजू बघा. तिथं पांढरी भुकटी लागली असेल तर खाली चुना आहे. कागद भिंतीला नाही, चुन्याला धरून आहे. वर रंगाचं ओझं आलं की दोघं मिळून खाली येतील. भुकटी खारट, चुरचुरीत असेल तर गोष्ट वेगळी. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या लोकांना सांगायला नको, पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे हा. भिंत खालून ओल ओढते आणि ओलीबरोबर खार वर येतो. पुष्कळ घरी कागद लावलेलाच असतो तो खार झाकायला. झाकतो, पण थांबवत नाही. प्लास्टिकच्या कागदाआड तर ओल कोंडते आणि मागे काळी बुरशी धरते. कुबट वास आला की रंगाचं नाव काढू नका, आधी ओलीचा बंदोबस्त.

मग कागदावर रंग कधी मारावा? कागद साधा आहे, घट्ट बसला आहे, भिंत कोरडी आहे आणि सोलायला गेलं की प्लास्टरच हातात येतं, अशा वेळी. उचललेल्या कडा फेव्हिकॉलने बसवा. जोडांवर पॉलिश पेपर हलका फिरवा, धूळ पुसा. पहिला हात ऑइल प्रायमरचा, तारपीन घालून पातळ केलेला, आणि त्याला रात्रभर सुकू द्या. मग फक्त जोडांवर ॲक्रिलिक पुट्टीची पातळ पत्ती मारा. भिंतभर व्हाइट सिमेंटची पुट्टी ओढू नका. ती पाण्यात कालवतात, वर वजनही असतं. त्यावर इमल्शनचे दोन हात. चमकीचा रंग घेऊ नका, मॅट घ्या. तरीही रात्री ट्यूबलाइट लागली की एखादा जोड दिसेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

ऑइल प्रायमर महाग पडतो, वासही येतो, म्हणून लोक टाळतात. सुरुवातीला आम्हीही टाळला होता. एका घरी मरून रंगाच्या फुलांचा कागद होता. वॉटर प्रायमर आणि क्रीम रंगाचे तीन हात मारले, तरी आठवड्यात सगळी फुलं गुलाबी होऊन वर आली. छपाईची शाई पाण्याच्या रंगातून वर येते, हे तेव्हा खिशातले पैसे घालून शिकलो. बारा बाय दहाच्या भिंतीला एका हाताला साधारण लिटरभर प्रायमर लागतो. आमच्याकडे अर्ध्या लिटरचे डबेही असतात, आणि न उघडलेला डबा आम्ही परत घेतो.

कागद काढायचाच ठरला तर त्या भिंतीच्या बोर्डाची वीज आधी बंद करा. कोमट पाण्यात थोडा भांड्याचा साबण घालून स्पंजाने मारा आणि पंधरा-वीस मिनिटं खरंच थांबा. शेतातला औषध फवारणीचा पंप घेऊ नका, कितीही धुतलेला असला तरी. कागद निघाल्यावर भिंतीवरची खळ दोन पाण्यांनी धुवा, ती राहिली तर नवा रंग तडकतो. खाली जुना ऑइल पेंट निघाला तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको, हा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं. भिंत ओली करून घासा, लेकरांना खोलीबाहेर ठेवा. कागदाला भोकं पाडायचा अणकुचीदार रोलर आणि रुंद पत्ती दुकानातून दोन दिवसांसाठी न्या, आमच्याकडून प्रायमर घेणाऱ्याला भाडं लावत नाही.

फोनवर भाव सांगत नाही, म्हणून काही जण रागावतात. कागदाखाली काय आहे ते फोनवर आम्हालाही दिसत नाही. काढायची मजुरी वेगळी लावतो आणि कागदावर मारलेल्या रंगाची हमी देत नाही, दोन्ही बिलावर लिहून देतो. दुसरा कुणी हमी देत असेल तर जरूर घ्या, फक्त पुढच्या पावसाळ्यात तो फोन उचलेल ना, तेवढं बघा.

दसऱ्याच्या तोंडावर आमचे पेंटर मिळत नाहीत. कागद पोळ्याच्या सुमारास काढून भिंत उघडी ठेवली तर ती सुकायला तीन-चार आठवडे मिळतात आणि तुमचा नंबरही लवकर लागतो. येताना सोललेला तुकडा पिशवीत घालून आणा. मोबाइलवर फोटो दाखवू नका, फोटोत कागदाची मागची बाजू कुणी काढत नाही.