गाठी विरतात, मग रक्तातला आकडा का चढतो?

सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, बी-पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर. त्यावर इब्रुटिनिब हे औषध सुरू झालं की मानेतल्या, काखेतल्या गाठी थोड्याच दिवसांत हाताला बारीक लागायला लागतात. आणि नेमका त्याच सुमारास सीबीसीचा रिपोर्ट येतो: पांढऱ्या पेशी आधीपेक्षा जास्त! घरच्यांच्या पोटात गोळा येतो. खरं तर बहुतेक वेळा औषध लागू पडत असल्याचीच ती खूण असते.

रुग्णाच्या शरीरात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत एकट्या ठेवल्या, तर काही दिवसांत मरतात. पण त्याच रक्तातल्या काही मोनोसाइट पेशी बशीच्या तळाला चिकटून मोठ्या होतात, कॅन्सरच्या पेशी त्यांच्याभोवती गर्दी करतात आणि मग आठवडेच्या आठवडे तग धरतात. २००० साली हे प्रसिद्ध झालं. या पोसणाऱ्या पेशींना ‘नर्सलाइक सेल्स’ म्हणतात. आपण दाई-पेशी म्हणू. मोनोसाइट म्हणजे एरवी शरीराचे पहारेकरी. इथे कुंपणच शेत खातं.

लसिका ग्रंथींत (सुजल्या की त्याच गाठी म्हणून हाताला लागतात) असंच आसरा देणारं शेजार असतं. तिथून येणारे निरोप बी-पेशीच्या आत पोचवायला आणि पेशीला तिथे धरून ठेवायला बीटीके (ब्रुटन टायरोसिन कायनेज) हे एन्झाइम लागतं. यातला ‘बी’ म्हणजे ऑग्डेन ब्रुटन. सतत आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडंच नाहीत, हे या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी १९५२ मध्ये नोंदवलं. त्यामागचा बिघडलेला जीन, म्हणजे बीटीकेचाच, १९९३ मध्ये सापडला. इब्रुटिनिब बीटीकेला कायमचं चिकटून ते बंद पाडतं. मग दावं सुटल्यासारख्या कॅन्सरच्या पेशी ग्रंथींतून रक्तात येतात. गाठी ओसरतात, आकडा चढतो. रक्तात त्यांना पोसणारं कुणी नसतं. काही महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, आकडा उतरतो. म्हणूनच रिपोर्ट पाहून औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. गाठी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स सगळं एकत्र पाहून डॉक्टरच ठरवतील.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो टी-पेशींवरचा, म्हणजे कॅन्सरशी लढू शकणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचा परिणाम. सीएलएलमध्ये त्या संख्येने भरपूर, पण थकलेल्या असतात. इब्रुटिनिब त्यांच्यातल्या आयटीके या बीटीकेच्या भावंडालाही अडवतं, आणि त्यांचा थकवा काहीसा उतरलेला दिसतो. काही महिने हे औषध घेतलेल्या रुग्णांच्या टी-पेशी कार-टी उपचारासाठी (यात टी-पेशींना कॅन्सर ओळखेल असं बदलून रुग्णाला परत देतात) प्रयोगशाळेत वाढवल्या, तेव्हा त्या जास्त चांगल्या वाढल्या.

पण बीटीके मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींनाही लागतं, बुरशीशी लढण्यासाठी. त्यामुळे काही रुग्णांना, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत आणि सोबत स्टेरॉइड चालू असतील तर, ॲस्परजिलस बुरशीचा गंभीर संसर्ग झालेला आहे. ही बुरशी फुप्फुसात, कधी मेंदूतही शिरते. या औषधावर असताना ताप आला, खोकला हटेना किंवा डोकं सतत दुखायला लागलं, तर घरात वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.