देहरादूनच्या वन्यजीव अभ्यासक्रमाला वनाधिकाऱ्याचे नाव कसे जाते: पात्रता, कागदपत्रे आणि फाइल अडते त्या जागा

वन विभागात नोकरी करता करता वन्यजीव व्यवस्थापन रीतसर शिकायचे म्हटले, की पहिले नाव निघते ते देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ही स्वायत्त संस्था १९८२ मध्ये सुरू झाली. देहरादूनच्या आयएसबीटीपासून (आंतरराज्य बसस्थानकापासून) थोड्या अंतरावर, चंद्रबनीला तिचा परिसर आहे. सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी तिथले दोन अभ्यासक्रम महत्त्वाचे. तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांसाठी, म्हणजे आरएफओंसाठी आहे. दहा महिन्यांची, प्रगत वन्यजीव व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदविका सहायक वनसंरक्षक आणि उपवनसंरक्षक दर्जासाठी आहे.

दोन्हींबाबत एक गैरसमज कायम आहे: संकेतस्थळावरचा फॉर्म भरला, सही केली, पाठवला, झाले. तसे होत नाही. इथे अधिकारी अर्ज करत नाही, राज्य त्याचे नामनिर्देशन करते. फॉर्म अधिकारी भरतो खरा, पण तो वजनदार होतो प्रायोजक अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याने आणि शुल्क कोण भरणार या एका ओळीने. थेट पाठवलेली आगाऊ प्रत फार तर वेळ सांभाळते. नामनिर्देशन मागाहून आले नाही तर ती तशीच पडून राहते.

कोणाला जाता येते

पद हा पहिला निकष. आरएफओला पदविकेला आणि सहायक वनसंरक्षकाला (एसीएफला) प्रमाणपत्राला पाठवण्याचा प्रस्ताव मुळात चुकीच्या टेबलावर जातो. त्यानंतर वय आणि उरलेली सेवा. वयाची अट त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेली असते. ती वाचताना वय कोणत्या तारखेला मोजायचे हे आधी पाहावे, कारण अंतिम तारखेचे वय आणि अभ्यासक्रम सुरू होण्याच्या दिवसाचे वय यांत काही महिन्यांचा फरक पडतो. उरलेल्या सेवेचा प्रश्न संस्थेपेक्षा राज्याचा असतो. दोन वर्षांत निवृत्त होणाऱ्याला दहा महिने पाठवायला कोणताही वरिष्ठ सहजी तयार होत नाही, आणि त्यात त्याचे चूकही नाही.

सध्याची नेमणूक संरक्षित क्षेत्रात असेल तर पारडे जड होते. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा, बोर या सहा व्याघ्र प्रकल्पांतल्या आरएफओंची नावे पुढे सरकतात ती यामुळे. तरी प्रादेशिक विभागातल्यांनी हात टेकू नयेत. बिबट्या उसात येतो आणि रानडुक्कर शेतात उतरते ते प्रादेशिक रेंजमध्येच (रेंज म्हणजे आरएफओच्या ताब्यातले वनपरिक्षेत्र). मानव-वन्यजीव संघर्षाची हाताळलेली प्रकरणे नीट मांडली तर प्रस्ताव तितकाच भक्कम होतो.

वनरक्षक आणि वनपालांसाठी हे दोन अभ्यासक्रम नाहीत. त्यांचे प्रशिक्षण शहापूर, चिखलदरा, पाल, जालना इथल्या प्रशिक्षण शाळांत आणि चंद्रपूरच्या वन अकादमीत किंवा सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या प्रबोधिनीत होते. तिथल्या उजळणी वर्गांची यादी विभागीय कार्यालयातूनच निघते. गोव्यात कागदाचा प्रवास आखूड असतो, कारण पणजीच्या अल्तिनोवरचे वन भवन हेच शेवटचे टेबल. महाराष्ट्रात मात्र टप्पे मोजावे लागतात.

परिपत्रक खाली येते, प्रस्ताव वर जातो

देहरादूनहून पत्र येते नागपूरच्या वन भवनात, म्हणजे राज्याच्या वन मुख्यालयात. तिथून वनवृत्तांना किंवा व्याघ्र प्रकल्पांच्या क्षेत्र संचालकांना, तिथून विभागाला, विभागातून रेंजला. मग तोच रस्ता उलट्या दिशेने: आरएफओ, उपवनसंरक्षक किंवा विभागीय वन अधिकारी, मुख्य वनसंरक्षक, नागपूर, देहरादून. प्रत्येक टेबलावर तीन दिवस धरले, वाटेत एक शनिवार-रविवार आणि एखादा दौरा आला, तर महिना सहज जातो. परिपत्रकातली अंतिम तारीख ही प्रस्ताव देहरादूनला पोहोचण्याची असते, रेंजमधून निघण्याची नव्हे. ‘मुदतीच्या आत दिला होता’ हे वाक्य बारनिशीत (आवक-जावक नोंदवहीत) खरे असते आणि निवडीत निरुपयोगी.

म्हणून कागद परिपत्रकाची वाट पाहत नाहीत, परिपत्रक कागदांची वाट पाहते अशी स्थिती हवी. पुढचा संच आधीच तयार ठेवावा:

सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत. नावाचे इंग्रजी स्पेलिंग सेवापुस्तक, आधार आणि फॉर्म या तिन्हींत एकच असावे. एखादे ए कमी-जास्त झाले तर शेवटच्या प्रमाणपत्रावर तेच छापून येते आणि पुढे वर्षभर दुरुस्तीचा पत्रव्यवहार चालतो.

नेमणुकांचा तक्ता, रुजू आणि कार्यमुक्त झाल्याच्या तारखांसह. मधले महिने गायब असलेला तक्ता परत येतो. रजा, प्रतीक्षाकाळ, अतिरिक्त कार्यभार असेल तर तसे लिहावे.

विभागीय चौकशी सुरू किंवा प्रस्तावित नसल्याचे प्रमाणपत्र. हे विभागीय कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निघते आणि त्यावर तारीख असते. सहा महिन्यांपूर्वीचे जोडले तर वरचे टेबल नवे मागते.

गेल्या काही वर्षांच्या कार्यमूल्यमापन अहवालांची स्थिती. गट अ आणि ब साठी हे अहवाल ‘महापार’ प्रणालीत ऑनलाइन असतात. एखाद्या वर्षीचा अहवाल प्रतिवेदन अधिकाऱ्याकडे अडकला असेल तर तो आता सोडवून घ्यावा. प्रस्ताव गेल्यावर सोडवायला वेळ मिळत नाही. मत्ता व दायित्वाचे वार्षिक विवरणपत्र भरल्याची पोचही त्याच फाइलला लावावी.

वैद्यकीय प्रमाणपत्र, परिपत्रकासोबतच्या नमुन्यातच. साध्या लेटरहेडवरचे ‘फिट’ चालत नाही. हे औपचारिक वाटते, पण अभ्यासक्रमाचा मोठा भाग जंगलात पायी असतो. गुडघ्याचे दुखणे, रक्तदाब किंवा साखर लपवून गेलेला माणूस पहिल्याच फील्ड दौऱ्यात तंबूत बसून राहतो.

शुल्क मंजुरी. इथे सर्वांत जास्त प्रस्ताव लटकतात. नाव मंजूर होते, पण शिकवणी, निवास आणि फील्ड दौऱ्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून करायचा हे ठरलेले नसते. व्याघ्र प्रकल्पात काही वेळा त्या प्रकल्पाच्या प्रतिष्ठानातून मंजुरी मिळते. प्रादेशिक विभागात प्रशिक्षणाच्या शीर्षाखाली तरतूद आहे का, ते लेखापालाला प्रस्तावाआधी विचारावे. पत्रात ‘शुल्क हे कार्यालय भरेल’ असे स्पष्ट वाक्य हवे. ‘नियमानुसार कार्यवाही होईल’ हे वाक्य देहरादूनला कोणालाच कळत नाही.

‘प्रशिक्षणाची गरज’ हा रकाना

फॉर्ममध्ये उमेदवाराने स्वतःच्या शब्दांत लिहायची जागा थोडीच असते, आणि बहुतेक जण तिथे ‘वन्यजीव संरक्षणाची आवड असल्याने’ असे लिहून मोकळे होतात. वाचणारा तज्ज्ञ आहे हे लक्षात ठेवावे. काय करतो, कुठे अडतो, परत आल्यावर काय बदलेल, एवढे तीन मुद्दे पुरतात. उदाहरणार्थ: ‘माझ्या रेंजमध्ये एम-स्ट्राइप्स या गस्त नोंदवण्याच्या प्रणालीवर रोजची पायी गस्त नोंदवली जाते. मांसभक्षींच्या खुणांसाठी प्रत्येक बीटमध्ये ५ किलोमीटरची वाट चालतो. पण तृणभक्षींच्या रेषा-मार्गाच्या (ठरलेल्या सरळ वाटेवर चालून केलेल्या मोजणीच्या) नोंदींतून घनता कशी काढायची हे येत नसल्याने माहिती नुसती वर पाठवली जाते, रेंजच्या नियोजनात वापरली जात नाही.’ अशा चार ओळींसमोर आवडीची दोन पाने फिकी पडतात.

पदविकेसाठी आणखी एक गोष्ट सांगावी. अभ्यासक्रमात व्यवस्थापन आराखडा तयार करण्याचा प्रत्यक्ष सराव असतो. आपल्या प्रकल्पाचा व्याघ्र संवर्धन आराखडा, जो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३८ व्ही खाली बंधनकारक आहे, नव्याने लिहायला आला असेल तर तसे नमूद करावे. नाव पाठवणाऱ्या वरिष्ठालाही त्यातून सरळ कारण मिळते.

निवड झाली, पण चार्ज कोण घेणार

निवडीचे पत्र आल्यावर खरी धावपळ सुरू होते. दहा महिने असोत की तीन, रेंज रिकामी ठेवता येत नाही. शेजारच्या आरएफओकडे अतिरिक्त कार्यभार द्यायचा तर त्याचा आदेश उपवनसंरक्षकांकडून आधी हवा. कार्यमुक्तीचा आदेश त्यानंतर. उलट क्रमाने केले की ‘पर्यायी व्यवस्था झाल्यावर कार्यमुक्त करावे’ असा शेरा येतो आणि अभ्यासक्रमाचा पहिला आठवडा इथेच संपतो.

चार्ज देण्याला चार ते पाच दिवस ठेवावेत. रोकडवहीचा ताळमेळ, मजुरीची प्रलंबित प्रमाणके, लाकडावर खूण उठवण्याच्या हातोड्यांची संख्या आणि त्यांचे ठसे, शस्त्र आणि काडतुसे असल्यास त्यांची नोंदवही, वायरलेस संच, कॅमेरा ट्रॅप आणि त्यांची मेमरी कार्डे, वाहनाचे लॉगबुक. सर्वांत महत्त्वाचा जप्त माल. प्रत्येक प्राथमिक गुन्हा रिपोर्टासमोर माल कुठे आहे, किती आहे, सीलबंद नमुना प्रयोगशाळेला गेला की नाही, कोर्टाची पुढची तारीख कोणती, हे चार रकाने भरून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पाच नग सागवानाची नोंद आणि जागेवर चार नग, ही तफावत देणाऱ्याच्या अंगावर येते आणि ती येते नेमकी देहरादूनला असताना. साक्षीदार म्हणून समन्स निघण्याची शक्यता असलेल्या खटल्यांची यादी सरकारी वकिलांना देऊन तारीख मागून ठेवली तर अभ्यासक्रम सोडून यावे लागत नाही.

पगाराचे सोपे आहे. शासनाने मंजूर केलेल्या प्रशिक्षणाचा काळ महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ नुसार कर्तव्यकाळ धरला जातो, त्यामुळे रजा खर्ची पडत नाही. पगार मूळ कार्यालयातून ‘सेवार्थ’ या वेतन प्रणालीवर निघत राहतो, फक्त आदेशात ‘प्रशिक्षणाचा कालावधी कर्तव्यकाळ समजावा’ ही ओळ आहे का ते वाचून घ्यावे. ती नसेल तर पुढे वेतनवाढीच्या वेळी लेखा शाखा अडवते. हाच अभ्यासक्रम स्वतःच्या इच्छेने, रजा घेऊन करायचा तर तो अध्ययन रजेचा विषय. त्याला वेगळे नियम आणि बंधपत्र लागते.

प्रवास भत्त्याचे अग्रिम निघायला कोषागारात वेळ लागतो, तेव्हा तिकीट आधी स्वतः काढावे. हिवाळ्यात देहरादूनची रात्र ५ अंशांच्या आसपास उतरते. विदर्भातून जाणाऱ्यांनी ‘आपल्याकडेही थंडी पडते’ या भरवशावर राहू नये. पायात मुरलेले बूट न्यावेत, नवे नकोत. दुर्बीण असेल तर स्वतःची, आणि रेंजचा नकाशा व गेल्या दोन-तीन वर्षांच्या गस्तीच्या नोंदी पेनड्राइव्हवर. सत्रलेखनाला (टर्म पेपरला) स्वतःच्या रेंजचा विषय असला की काम निम्मे होते.

निमंत्रण परदेशातून आले तर

हल्ली परदेशी विद्यापीठे आणि संस्थांकडून संवर्धनातल्या मंडळींना पूर्ण खर्चासह निमंत्रणे येतात. सरकारी नोकराला इथे आणखी एक दार ओलांडावे लागते. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० च्या कलम ६ नुसार परदेशी स्रोताकडून प्रवास, निवास, भोजन किंवा औषधोपचाराचा खर्च स्वीकारणे हा ‘परदेशी पाहुणचार’ ठरतो आणि त्याला केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२ या ऑनलाइन नमुन्यात, यजमान संस्थेचे निमंत्रण आणि आपल्या विभागाची प्रशासकीय मान्यता जोडून करायचा. नियमाप्रमाणे तो प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी पोहोचायला हवा; पण विभागाची मान्यता त्याआधी मिळवायची असल्याने निमंत्रण आले त्याच आठवड्यात फाइल हलवावी. निमंत्रणपत्रात कोणता खर्च कोण करणार हे बाबनिहाय लिहून मागावे. नुसते ‘सर्व खर्च’ लिहिले असेल तर प्रश्न उपस्थित होतात. परवानगीशिवाय यजमानाकडून घेतलेले विमानाचे तिकीटदेखील कायद्याच्या भंगात मोडते.

परत आल्यावर

रुजू अहवाल, प्रमाणपत्राची प्रत आणि प्रवास भत्ता देयक ही तिन्ही पहिल्या आठवड्यात द्यावीत. बोर्डिंग पास, रेल्वे तिकिटे आणि संस्थेचे निवास-भोजन किती दिवस मिळाले याचे पत्र देयकाला लागते. ते निघताना चंद्रबनीच्या कार्यालयातूनच घ्यावे, मागाहून मागवायला महिना जातो. प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात झाली का, हे कारकुनावर सोडू नये. पान उघडून, नोंदीखाली कार्यालय प्रमुखाची सही पाहून यावे. आणि चार्ज परत घेताना जप्त मालाचे नग पुन्हा मोजावेत.