म्हातारपणी माणूस उदास होतेच, हे खरं नाही

आपल्याकडे गावात बुढा नीट जेवेना, कोणाशी बोलेना, रात्रभर जागाच राहायला लागला की लोक म्हणतात साठी बुद्धी नाठी, वय झालं, आता असंच चालायचं. नाही बाप्पा, असं नसते. अमेरिकेतल्या स्टॅनफोर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सन यांनी वर्षानुवर्षे लोकांच्या रोजच्या भावना नोंदवल्या, त्यात वयाबरोबर राग-चिंता सरासरी कमीच होताना दिसली, अन् 2004 च्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात म्हाताऱ्यांच्या मेंदूतला अमिग्डाला (भावनांशी जोडलेला भाग) वाईट फोटोंपेक्षा चांगल्या फोटोंना जास्त प्रतिसाद देत होता. नावं आठवायला वेळ लागते, ते खरं. पण मन सांभाळणं वेगळं काम आहे.

म्हणून दोन आठवडे झाले तरी आबाजी गप्पच, वावरात जायची इच्छाच नाही, तर ते वय नाही, डिप्रेशन असू शकते, थायरॉइड, बी-12 ची कमी, नाहीतर कानाला ऐकूच येत नाही म्हणून माणूस एकटा पडते (हे तर फार होते अन् घरचे समजतात रुसले). पीएचसीत दाखवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन फुकट लागते, मराठीत बोलता येते. सत्तरीतही उपचारानं फरक पडते.