१.५ ते ४८ व्होल्ट: कॉलर माइकच्या वीजपुरवठ्याची पार्श्वभूमी

कॉलरला लावायच्या कंडेन्सर माइकच्या माहितीपत्रकावर कधी १.५ ते १० व्होल्ट, कधी ५ व्होल्ट बायस (म्हणजे माइक चालवण्यासाठी दिलेले स्थिर व्होल्टेज), तर कधी ४८ व्होल्ट फँटम असा उल्लेख आढळतो. एवढ्याशा कॅप्सूलसाठी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागासाठी, इतके वेगवेगळे आकडे कशाला, असा प्रश्न पडणे रास्त आहे. हे आकडे निरनिराळ्या काळात, निरनिराळ्या उपकरणांच्या सोयीने ठरत गेले आणि नवी पद्धत आली तरी जुनी सहसा हद्दपार झाली नाही.

कंडेन्सर माइकमध्ये ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागची स्थिर पट्टी मिळून एक कपॅसिटर तयार होतो. आवाजाने पडदा हलला की कपॅसिटरची धारिता, म्हणजे भार साठवण्याची क्षमता, बदलते. मात्र त्यावर आधीपासून विद्युतभार असेल, तरच या बदलातून व्होल्टेजचा सिग्नल निघतो. ई. सी. वेन्टे यांनी १९१६ च्या सुमारास वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये असा माइक तयार केला, तेव्हापासूनच त्याला दोन कामांसाठी वीज लागत आली आहे. पहिले काम पडदा भारित ठेवण्याचे, ज्यासाठी त्या काळी शेकडो व्होल्ट लागत. दुसरे काम कॅप्सूलला अगदी खेटून बसवलेल्या अॅम्प्लिफायरचे, कारण कॅप्सूलमधून येणारा सिग्नल इतका दुबळा असतो की थोडी केबल मध्ये आली तरी तो तिच्यातच विरतो. व्हॅक्यूम ट्यूबच्या जमान्यात या अॅम्प्लिफायरला फिलामेंट तापवण्यासाठी एक आणि प्लेटसाठी दुसरा असे दोन पुरवठे हवे असत. न्यूमन कंपनीचा १९२८ चा ‘सीएमव्ही ३’ हा माइक बाटलीएवढा होता, यात म्हणूनच नवल नाही. पुढे दूरचित्रवाणीवर वक्त्यांच्या गळ्यात जे माइक दिसू लागले ते बहुतेक डायनॅमिक, म्हणजे चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालणाऱ्या, जातीचे होते. त्यांना वीज लागतच नसे.

कंडेन्सर कॉलरवर येण्याचा मार्ग इलेक्ट्रेटने, म्हणजे विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पदार्थाने, मोकळा केला. एखाद्या पदार्थात विद्युतभार दीर्घकाळ कोंडून ठेवता येईल ही कल्पना ऑलिव्हर हेविसाइड यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडली होती, आणि १९२० च्या आसपास मोतोतारो एगुची यांनी मेण व राळ यांचे मिश्रण प्रबळ विद्युतक्षेत्रात थिजवून ती प्रत्यक्षातही आणली होती. तरी माइकसाठी खरोखर उपयोगी ठरले ते बेल लॅब्जमधील गेऱ्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांचे १९६२ चे काम. धातूचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिक फिल्ममध्ये त्यांनी भार कायमचा साठवला; त्याचे अमेरिकी पेटंट १९६४ मध्ये मिळाले. पडदा भारित ठेवणारे शेकडो व्होल्ट अशा रीतीने अनावश्यक झाले. दुसरी गरज मात्र उरलीच. ट्यूबच्या जागी कॅप्सूलमध्येच इवलासा फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर, म्हणजे एफईटी, बसू लागला आणि तो थोड्या व्होल्टवर, मिलिअँपिअरच्या काही दशांशांवर चालतो. ‘इलेक्ट्रेटला वीज लागत नाही’ हा आजही कानावर पडणारा समज या अर्ध्या सत्यातून आलेला आहे.

त्याच दशकात स्टुडिओत वेगळीच घडामोड चालू होती. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी न्यूमनने ट्रान्झिस्टरवर चालणारे माइक पुरवले. ओस्लोच्या स्टुडिओत पूरक दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता, म्हणून माइकलाही तोच द्यावा असे ठरले. ज्या आकड्याला आज जवळजवळ पवित्र मानले जाते, तो दिव्यांच्या तारेवरून आला आहे! पुढे मानकांत ही पद्धत फँटम पॉवर म्हणून पक्की झाली: एक्सएलआर या तीन पिनांच्या जोडणीच्या केबलमधील दोन्ही सिग्नल तारांवर ६.८ किलोओहमच्या समान रेझिस्टरांतून सारखेच व्होल्टेज द्यायचे आणि परतीचा प्रवाह शील्डमधून, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणातून, घ्यायचा. दोन तारांत फरक नसल्याने नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला तिचा उपद्रव होत नाही. चित्रीकरणाच्या क्षेत्रात १२ व्होल्टची टी-पॉवर पद्धतही बराच काळ होती. ती दोन तारांच्या मध्येच व्होल्टेज देत असल्याने चुकीच्या माइकला घातक ठरे, आणि आता ती मागे पडली आहे.

फँटमचे रेझिस्टर इलेक्ट्रेट कॅप्सूलला आपोआप वाचवतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. ०.५ मिलिअँपिअर घेणारी कॅप्सूल थेट एका तारेला जोडली, तर ६.८ किलोओहमवर जेमतेम ३.४ व्होल्ट पडतात आणि उरलेले ४४ हून अधिक व्होल्ट १० व्होल्टची मर्यादा असलेल्या एफईटीवर येतात. व्यावसायिक कॉलर माइकच्या एक्सएलआर टोकाला जो जाडसर नळीसारखा भाग असतो, त्यातले सर्किट व्होल्टेज उतरवते आणि सिग्नल बॅलन्स्डही करते, म्हणजे दोन तारांवरून जाण्याजोगा बनवते. काहींत त्यासाठी पेन्सिल सेलचीही सोय असते. केवळ पिना बदलणारी साधी केबल यांपैकी काहीच करत नाही.

रेकॉर्डर, कॅमेरे आणि संगणक यांनी तिसरी वाट धरली. ३.५ मिमीच्या सॉकेटमधून, बहुधा सिग्नलच्याच तारेवर, एका रेझिस्टरमार्फत काही व्होल्ट द्यायचे, ही झाली प्लग-इन पॉवर. तिचे व्होल्टेज उपकरणागणिक बदलते आणि इथे व्होल्टेज कमी पडण्याची चूक नुकसान न करता फक्त आवाज बिघडवते, त्यामुळे ती लवकर लक्षात येत नाही. पुरवठा १.५ व्होल्ट, रेझिस्टर २.२ किलोओहम आणि प्रवाह ०.३ मिलिअँपिअर असेल, तर कॅप्सूलच्या वाट्याला ०.८४ व्होल्ट येतात. हळू बोलणे त्यावर चालूनही जाते, पण वक्ता हसला किंवा त्याने आवाज चढवला की सिग्नल फाटतो, आणि पुढे गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचे प्रमाण, कमी करून तो दुरुस्त होत नाही, कारण बिघाड एफईटीपाशीच झालेला असतो.

मोबाइलमध्ये हाच बायस चार भागांच्या प्लगवर आला. मात्र माइक व ग्राउंड यांच्या जागा ठरवणाऱ्या दोन परस्परविरोधी रचना काही वर्षे शेजारी नांदल्या, त्यामुळे व्होल्टेज योग्य असूनही माइक मुका राहण्याचे प्रकार घडले. वायरलेस ट्रान्समीटर बनवणाऱ्यांनी प्रत्येकी आपले कनेक्टर निवडले आणि बायस अनेकदा ५ व्होल्टच्या आसपास ठेवला. काही ट्रान्समीटरांत त्याची तार सिग्नलपासून वेगळी असते. तीन तारांच्या कॅप्सूल अशा जोडणीसाठीच बनतात, आणि दोन तारांची कॅप्सूल तिथे लावायची असेल तर कनेक्टरच्या आत एक रेझिस्टर जोडावा लागतो.